५३-एन क्रमांकाची बाटली

‘हाफकिन’ हे नाव ज्याने ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. कोणाला ते पोलिओच्या थेंबांमुळे माहीत असते, जुन्या मंडळींना सर्पदंशावरच्या औषधामुळे, तर मुंबईकरांना परळच्या संस्थेमुळे. पण या नावाचा एक माणूस होता असे सांगितले, की आमच्याकडे येणारी इंटर्न मुलेसुद्धा चकित होतात. कोणी इंग्रज डॉक्टर असणार, असा बहुतेकांचा अंदाज असतो. वॉल्डेमार हाफकिन इंग्रज नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. पुढे त्यांच्यावर जे बालंट आले त्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा होता, असे माझे मत आहे.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि हाफकिन ज्यू होते. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू मेचनिकॉफ, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे आणि पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा हा विद्यार्थी वस्तीच्या संरक्षणासाठी उभा राहिला, जखमी झाला आणि वर अटकेतही गेला. मेचनिकॉफ मध्ये पडले म्हणून सुटला. शिक्षण संपल्यावर प्राध्यापकी मिळू शकली असती, पण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता. ते त्यांनी नाकारले आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात नोकरी करत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. वर्षभर जिनिव्हात शिकवले आणि मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेचनिकॉफ आधीच तिथे होते. जागा एकच रिकामी होती, ग्रंथालयातली. हाफकिन दिवसा पुस्तके सांभाळत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसत.

त्यांनी विषय निवडला कॉलऱ्याचा. आपल्याकडे या रोगाला पटकी म्हणत. गावाच्या वेशीवरची जरीमरीची देवळे पाहिली की त्याची दहशत केवढी होती याची कल्पना येते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत शरीरातले पाणी संपून जायचा. स्पेनमध्ये फेरान यांनी १८८५ मध्ये कॉलऱ्याची लस टोचून पाहिली होती, पण त्यांची पद्धत आणि त्यांचे आकडे शास्त्रज्ञांना पटले नव्हते. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे नेत नेत जहाल केले. दुसरीकडे उष्णता आणि हवेचा झोत वापरून त्यांचा सौम्य वाण तयार केला. आधी सौम्य वाण टोचायचा, काही दिवसांनी जहाल, अशी ही दोन टप्प्यांची लस होती. प्राण्यांवरचे प्रयोग जमल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिला डोस स्वतःला टोचून घेतला. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि उतरली. नंतर काही रशियन मित्रांनी टोचून घेतले. पण प्रयोगशाळेत लस बनली म्हणजे काम झाले असे नसते. ती खऱ्या साथीत टिकते का, हे पाहायला साथ हवी. रशियाने नकार दिला. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्याला उतरले.

पुढची दोन-अडीच वर्षे ते उत्तर हिंदुस्थानभर फिरले. आग्र्यापासून सुरुवात झाली. लष्करी छावण्या, तुरुंग, आसामचे चहाचे मळे, जिथे परवानगी मिळेल तिथे. जवळजवळ ४२,००० लोकांना लस टोचली गेली. तुरुंगातल्या कैद्याची किंवा मळ्यावरच्या मजुराची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आजच्या डॉक्टरला पडतो. त्या काळात तो फारसा कोणी विचारत नसे. पण हाफकिन यांनी सक्तीची टोचणी कधी मागितली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

मला त्यांच्या या कामात सर्वात मोलाची वाटते ती मोजणी. कोलकात्यातल्या कट्टल बागान या गरीब वस्तीत मार्च १८९४ मध्ये कॉलरा शिरला. वस्ती सुमारे २०० माणसांची. त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी दहा जणांना लागण झाली आणि ते दहाही लस न घेतलेले होते. पाणी तेच, गल्ली तीच, गरिबी तीच. फरक फक्त सुईचा. लस घेतलेल्यांची तुलना दूरच्या दुसऱ्या गावाशी करायची नाही, त्याच छपराखालच्या लस न घेतलेल्यांशी करायची, हा त्यांचा आग्रह होता. आज औषधाच्या चाचणीत आपण ज्याला तुलनेचा गट म्हणतो तो हाच. मलेरियाने हैराण होऊन १८९५ मध्ये ते युरोपला गेले आणि पुढल्या वर्षी परत आले.

ते परतले त्याच वर्षी मुंबईत प्लेग उघड झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातले रुग्ण तपासून हा गाठीचा प्लेग आहे असे ठामपणे सांगितले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ७ ऑक्टोबरला ते आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर जगातली पहिली प्लेगची लस तयार व्हायची होती.

ती कशी केली हे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू आहे. बकऱ्याच्या मांसाचे सूप करून ते काचेच्या चंबूत भरायचे आणि वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडायचे. प्लेगच्या जंतूंना हवा लागते. ते त्या तरंगत्या थेंबांना धरून वाढतात आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे खाली लोंबू लागतात. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसतात आणि वर नवे वाढू लागतात. पाच-सहा आठवडे असे पीक घेतल्यावर ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारायचे, आणि लस टिकावी म्हणून थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. कॉलऱ्याची लस जिवंत जंतूंची होती, ही मेलेल्या जंतूंची. शरीराला शत्रूची ओळख पटवायला त्याचे प्रेतही पुरते.

तीन महिन्यांच्या या कामात एका साहाय्यकाचे मानसिक संतुलन ढळले आणि दोघांनी काम सोडले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटीमीटर लस स्वतःला टोचून घेतली. हा डोस पुढे इतरांसाठी ठरलेल्या डोसच्या तिप्पट-चौपट होता. टोचणारे होते डॉ. सर्व्हेयर, कॉलेजचे प्राचार्य साक्षीला होते, आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. सणकून ताप आला आणि गेला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा निम्म्याच्या आसपास कैदी टोचून घ्यायला पुढे आले. टोचणीच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग होता ते सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. उरलेल्यांत मृत्यू होत राहिले.

त्याच दिवसांत पुण्यात काय चालले होते ते मराठी वाचकाला सांगायला नको. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईतली लस अजून बाल्यावस्थेत होती. सोजिरांच्या घरझडत्या, माणसे उचलून नेणे, सामान जाळणे यांनी लोक इतके पिसाळले, की २२ जूनला रँडचा खून झाला. सरकारी दांडगाईने लोक रोगापेक्षा उपायांना जास्त भिऊ लागले आणि ती भीती लसीच्या वाट्यालाही आली. सुईत विष आहे, मांस आहे, धर्म बुडवायचा डाव आहे, अशा वावड्या उठल्या. (करोनाच्या काळात फोनवर फिरलेले निरोप आठवून पाहा. वावड्यांचा मजकूर सव्वाशे वर्षांत फार बदललेला नाही.) या वातावरणात तरुण आगा खान यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, आपल्या खोजा समाजातल्या हजारो लोकांना लस घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुशरू लॉज ही इमारत दिली. सरकारी हुकुमापेक्षा त्यांच्या उघड्या दंडाने जास्त काम केले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन यांनी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात आपली मोजणी आणखी चोख केली. गावात प्लेग चालू होता. त्यांनी घराघरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, त्यात बायका, मुले, धडधाकट, अशक्त सगळे येतील असे पाहिले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला तिथला हिशेब असा: लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तीन दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती हे याच आकड्यांतून दिसते आणि हाफकिन यांनी ते झाकले नाही. निम्म्यांना मुद्दाम तसेच ठेवणे आजच्या नैतिक समितीपुढे टिकणार नाही. त्या काळी मात्र लसीवर विश्वास नसलेल्यांना उत्तर देणारा दुसरा पुरावा नव्हता.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. मागणी भराभर वाढत गेली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने प्रचंड मोहीम आखली आणि लाखो डोस मागवले. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कृतीत बदल केला. त्यातला एक म्हणजे कार्बोलिक ॲसिड वगळले आणि जंतुनाशासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेत ही पद्धत रुळलेली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली. आठवडाभरात या १९ जणांचे जबडे आखडू लागले. धनुर्वात. एकोणीसही गेले. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेले सगळे ठीक होते.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे बीजाणू प्लेगचा जंतू मरतो त्या उष्णतेला दाद देत नाहीत. ते त्या बाटलीत शिरले होते यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की परळला शिरले की मुलकोवालला? मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ठरवले, की परळलाच. कार्बोलिक वगळले होते, म्हणजे दोष प्रयोगशाळेचा. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अनेक गोऱ्या डॉक्टरांना हा रशियन, ज्यू, डॉक्टरकीची पदवी नसलेला माणूस आपल्या डोक्यावर बसलेला मुळीच आवडत नव्हता. आयोगाच्या हेतूबद्दल मी बोलत नाही, पण त्याच्या निष्कर्षाने कोणाकोणाची सोय झाली हे उघड आहे.

वास्तविक साक्षीत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढण्याच्या चिमट्याचा. त्या सकाळी साहाय्यकाच्या हातून तो जमिनीवर पडला. नियम असा, की चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करायचा. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून वापरला गेला. दुसरे, ही बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढत असते तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती, आणि ती आल्याची नोंद नाही. तिसरी गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची. जुन्या बाटलीत जंतूंचे विष आयतेच साठलेले असते आणि लक्षणे लवकर दिसली असती. आठवड्याने दिसली, म्हणजे जंतू दंडात शिरल्यावर वाढले आणि मग त्यांनी विष तयार केले. ताज्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वाताची चाल नेमकी अशीच असते.

मलेरिया डासामार्फत पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे उचलून धरले. लंडनच्या लिस्टर संस्थेने तपासून सांगितले, की जंतू नेमके कोणत्या टप्प्यावर शिरले हे ठरवता येणार नाही. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आले. बाटली उघडतानाच दूषित झाली याकडे सबळ पुरावा बोट दाखवतो, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली. मधल्या पाच वर्षांत पंजाबातली मोहीम कोलमडली होती. १९०७ मध्ये हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली आणि त्यात सर्वात मोठा वाटा पंजाबचा होता. यातले किती मृत्यू त्या एका बाटलीच्या हिशेबात धरायचे, हे कोणी सांगू शकणार नाही.

आमच्या लसीकरण कक्षात नवी परिचारिका आली की तिला काही सवयी लावाव्या लागतात. बाटली उघडल्याची तारीख आणि वेळ लेबलावर लिहायची. गोवर-रुबेलाची किंवा बीसीजीची पूड पाण्यात मिसळली, की चार तासांनी उरलेली फेकायची, मग ती भरलेली का असेना. एक सिरिंज एकदाच. टोचल्यावर मूल अर्धा तास बसवून ठेवायचे. बाहेर रांग लागलेली असते, बायका शेतावर जायच्या खोळंबलेल्या असतात आणि उरलेले सहा डोस फेकायला तिला जड जाते. हे नियम मुलकोवालसारख्या घटनांतून आलेत. २०१७ मध्ये दक्षिण सुदानात गोवराच्या मोहिमेत मिश्रणाची एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली, लस थंड ठेवली गेली नाही आणि १५ बालके दगावली. तिथेही लस उत्तम होती. आज लसीनंतर काही विपरीत घडले तर जिल्हा पातळीवरची समिती बाटलीचा बॅच क्रमांक, शीतसाखळी, टोचणाऱ्याची पद्धत, रुग्णाचा आधीचा आजार हे सगळे तपासते आणि मग बोलते. निदान तसे अपेक्षित असते. ज्या १९ जणांचा बळी गेला त्यांचा धनुर्वातही आज लसीने टळणारा आजार आहे. गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या याच लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे २०१५ मध्ये नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. माझ्या विद्यार्थिदशेत असे बाळ पाहिले नाही असा वॉर्ड नसे. आताच्या मुलांना ते पुस्तकातल्या चित्रात दाखवावे लागते.

हाफकिन यांची प्लेगची लस मात्र आता सर्वसामान्यांना दिली जात नाही. प्रतिजैविके आल्यावर तिची गरज उरली नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल गायब झाल्या. लसीची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

निर्दोष ठरूनही हाफकिन यांना मुंबई परत मिळाली नाही. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत त्यांना पद दिले गेले, पण माणसांवर लसीच्या चाचण्या करण्याची मुभा नव्हती. ज्याने आयुष्यभर वस्त्यांत जाऊन माथी मोजली, त्याला टेबलाशी बसवले. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलेले नव्हते. अखेरची वर्षे धर्मचिंतनात आणि ज्यू शिक्षणसंस्थांच्या कामात गेली. साठवलेला पैसाही त्यांनी त्याच कामाला दिला.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीचे सुमारे दोन कोटी साठ लाख डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ते कळल्यावर त्यांनी संचालकांना आभाराचे पत्र पाठवले आणि आपल्या आयुष्याची सर्वात चांगली वर्षे मुंबईच्या कामात गेली असे कळवले. मुलकोवालचा त्यात उल्लेख नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते वारले.